ब्लॅक पायरेट, द

चाचेगिरीवरील अमेरिकन मूकपट (१९२६). डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) याने तो काढला व नायकही तोच झाला. दिग्दर्शन ॲल्बर्ट पार्कर, छायालेखन हेन्री शार्प, कलादिग्दर्शन स्वीडनमध्ये जन्मलेला चित्रकार कार्ल ऑस्कर बोर्ग, वितरण युनायटेड आर्टिस्ट्स. कथालेखक म्हणून दिलेले ‘एल्टन टॉमस’ हे नाव फेअरबँक्सच्या स्वतःच्या दोन मधल्या नावांचे आहे. दिग्दर्शन आरंभी डॉनल्ड क्रिस्पकडे होते, असे सांगतात. पडद्यावर क्रिस्प मॅकटॅव्हिश या एक हात नसलेल्या चाच्याच्या भूमिकेत दिसतो. नायिका बिली डव्ह. शेवटच्या चुंबनासाठी तिच्या जागी फेअरबँक्सची पत्नी मेरी पिकफर्ड उभी राहिली, ही हकीकत बहुधा खरी असावी.

कथानक बेताचेच. चाचे जहाज लुटून ते सुरुंगाने उडवतात; वाचलेला तरुण बापाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी त्यांच्याच टोळीत शिरतो.

चित्रपटाचे महत्त्व त्याच्या रंगांत आहे. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या कंपनीच्या द्विरंगी पद्धतीत संपूर्ण चित्रित झालेल्या आरंभीच्या मोठ्या चित्रपटांपैकी हा एक. कॅमेऱ्यातील लोलक प्रकाश दुभागून एकाच वेळी तांबड्या व हिरव्या गाळणीतून दोन चौकटी टिपत असे. निळ्याला या पद्धतीत जागाच नव्हती, आणि चित्रपट तर समुद्राचा! पाणी व आकाश त्यामुळे हिरवट-करड्या छटेत येते. भडक रंगांनी प्रेक्षकांचे डोळे शिणतील, ही भीती त्या काळी बोलून दाखवली जाई. फेअरबँक्सने म्हणून पुष्कळ चाचण्या घेतल्या आणि जुन्या डच चित्रकारांच्या तपकिरी, मंद रंगसंगतीकडे कल ठेवला. तांबडा रंग त्याने हात राखून वापरला. एक कैदी अंगठी गिळतो. कप्तान नुसती खूण करतो. एक चाचा जातो आणि रक्ताळलेली तलवार व अंगठी घेऊन परततो. पोट फाडलेले दिसत नाही, पात्यावरचा रंग तेवढा दिसतो.

प्रतींची अडचण मोठी होती. दोन पातळ फिती, एक तांबडट व एक हिरवट, पाठीला पाठ लावून चिकटवत. दोन्ही बाजूंना चित्राचा थर असल्याने ओरखडे चटकन पडत. प्रक्षेपकाच्या उष्णतेने फीत कधी आत, कधी बाहेर वाटीसारखी वळे, चित्र धूसर होई आणि यंत्रचालकाला भिंग सारखे जुळवावे लागे. वळलेल्या प्रती सपाट करण्यासाठी बॉस्टनच्या कारखान्यात परत पाठवत. टेक्निकलरने १९२८ च्या सुमारास एकाच फितीवर रंगांचे ठसे उमटवण्याची नवी पद्धत आणल्यावर हा प्रकार थांबला.

सर्वाधिक चर्चा झाली ती शिडाच्या दृश्याची. नायक शिडात सुरा खुपसतो आणि ते टराटरा फाडत खाली घसरतो. ताणलेल्या जाड कापडात सुरा एकतर अडकेल किंवा माणूस वेगाने आदळेल, ही शंका रास्तच आहे. शीड आधीच फाडून सैल टाक्यांनी शिवले होते. सुऱ्याला कप्पीवरून वजनाचा तोल दिला होता. शीड व कॅमेरा दोन्ही सारख्या कोनात कलते ठेवून मागून विमानाच्या पंख्याचा वारा सोडला होता, अशी स्पष्टीकरणे मिळतात. ती परस्परविरोधी नाहीत. शीड कलते होते हे गृहीत धरल्यास उरलेले बरेचसे जुळते. शिडावरून प्रत्यक्ष घसरला कोण, यावरही मतभेद आहेत. फेअरबँक्सची अंगकसरत पाहता श्रेय सगळे दुसऱ्याला देणे कठीण. पण आखणी त्याच्या सहकाऱ्यांची असावी.

न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च १९२६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. पुढे तो बराच काळ कृष्णधवल प्रतींतूनच पाहिला गेला. जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा १९९३ मध्ये समावेश झाला.

फेअरबँक्सचे साहसपट भारतातही लोकप्रिय होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेल्या मास्टर विठ्ठल यांना ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणत, ते तलवारबाजीच्या मूकपटांतील त्यांच्या कामांमुळे.