एमबीबीएसचा प्रवेश आणि बारावीचे गुण : एका फारकतीची पार्श्वभूमी

बारावी विज्ञानाचे मूल ज्या घरात आहे तिथे आज दोन निकालांची वाट पाहिली जाते, पण धाकधूक एकाचीच असते. बोर्डाचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात. मात्र ‘मेडिकलला नंबर लागणार का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नीट’ या देशव्यापी वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांत असते. एमबीबीएससाठी बारावी ठरावीक विषय घेऊन पार करावी लागते, एवढेच तिचे काम उरले आहे. जीवशास्त्रात ९८ पडले की ७८, प्रवेशाच्या यादीत त्याने एका जागेचाही फरक पडत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नेमके उलट होते. तेव्हा त्या वीस गुणांच्या पट्ट्यात शेकडो मुलांचे भवितव्य ठरत असे, आणि राज्याच्या जागांसाठी दुसरी कुठली परीक्षा मध्ये नव्हती.

आधी थोडे मागे जायला हवे. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध येण्यापूर्वी महाराष्ट्रात अकरावीला मॅट्रिक होत असे आणि मग मुले कॉलेजात जाऊन विद्यापीठाच्या विज्ञानाच्या परीक्षा देत. जुन्या पिढीतले डॉक्टर अजूनही ‘इंटर सायन्सला इतके टक्के होते’ असे सांगतात ते यामुळे. नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी १९७५ मध्ये झाली आणि पहिली बारावी १९७७ मध्ये. त्या क्षणापासून वैद्यकीय प्रवेशाची किल्ली विद्यापीठांकडून राज्य मंडळाकडे आली. भौतिक, रसायन, जीव या तीन विषयांची बेरीज, म्हणजे ‘पीसीबी ग्रुप’, हाच प्रवेशाचा निकष झाला.

माझ्या मते इथेच मूळ अडचण आहे. बोर्डाची परीक्षा विद्यार्थी उत्तीर्ण आहे की नाही, आणि साधारण कोणत्या श्रेणीत आहे, हे सांगण्यासाठी घडवलेली होती. लाखो उत्तरपत्रिका, हजारो परीक्षक, प्रत्येकाचा हात थोडा सैल किंवा थोडा आवळलेला. प्रात्यक्षिकांचे गुण तर मुलाच्या स्वतःच्याच कॉलेजात दिले जात. प्रथम श्रेणी देण्यापुरती ही मोजणी पुरेशी होती. पण तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमांक लावायचे काम टाकले, आणि एका गुणाच्या फरकाने एक मूल डॉक्टर व दुसरे बी.एस्सी. व्हायला लागले, तेव्हा ती मोजणी ते ओझे पेलू शकत नव्हती.

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे समोर आले ते न्यायालयात. उत्तरपत्रिका दाखवणार नाही, फेरतपासणी करणार नाही, फक्त बेरीज नीट आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का एवढेच पाहू, असा मंडळाचा नियम होता. विद्यार्थ्यांनी त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली ‘महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ’ या खटल्यात मंडळाचा नियम कायम राहिला. सार्वजनिक परीक्षेच्या निकालाला कुठेतरी अंतिम रूप यायला हवे, आणि इतक्या मोठ्या संख्येने फेरतपासणी केली तर निकालाला अंतच राहणार नाही, हा युक्तिवाद मान्य झाला. प्रशासनाच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे. पण ज्या मुलाचा दोन गुणांनी नंबर हुकला त्याला आपला पेपर डोळ्यांनी पाहताही येत नव्हता, हे क्रूर होते. उत्तरपत्रिका पाहायला मिळणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले २०११ मध्ये, माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, आदित्य बंदोपाध्याय खटल्यात. तोवर महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर प्रवेश होण्याचा काळ संपून गेला होता.

याच काळाने ‘लातूर पॅटर्न’ घडवला. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्यापाठोपाठ दयानंद महाविद्यालय यांची नावे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत वर्षानुवर्षे झळकू लागली. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांना या पॅटर्नचे जनक मानतात. त्यात गूढ काही नव्हते: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, प्रश्नपत्रिकांचा सराव करून घ्यायचा, चुका मुलासमोर बसून दाखवायच्या. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, घरात कुणी डॉक्टर नसलेली मुले या वाटेने एमबीबीएसला लागली. पुढे या पॅटर्नवर घोकंपट्टीचा शिक्का बसला. त्यात तथ्य आहे, पण ती मेहनत कॉलेजच्या वर्गात, कॉलेजच्या प्राध्यापकांनी केलेली होती, हे विसरून चालणार नाही.

गुणांना आणखी एक कुंपण होते, भूगोलाचे. राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग धरून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभर खुल्या, असे ‘सत्तर-तीस’चे सूत्र पुढे दीर्घकाळ चालले. मराठवाड्यात औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड अशी मोजकीच सरकारी महाविद्यालये. त्यामुळे तिथल्या मुलाला मुंबई-पुण्यातल्या मुलापेक्षा जास्त गुण असूनही घरी बसावे लागते, ही तक्रार कायम होती. हे सूत्र रद्द झाले ते सप्टेंबर २०२० मध्ये.

राज्याबाहेरचा दरवाजा मात्र आधीच किलकिला झाला होता. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सगळ्याच्या सगळ्या जागा स्थानिकांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. १९८६ मध्ये दिनेश कुमार खटल्यात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला देण्याचे ठरले. पण देशभरातल्या मुलांची एक यादी करायची कशी? एका बोर्डाचे ८५ टक्के आणि दुसऱ्या बोर्डाचे ८५ टक्के सारखे कसे धरायचे? त्यातून १९८८ पासून सीबीएसईने घेतलेली अखिल भारतीय पूर्व-वैद्यकीय परीक्षा, म्हणजे एआयपीएमटी, सुरू झाली. बारावीच्या गुणांवरचा विश्वास अधिकृतपणे प्रथम ढळला तो इथे.

मग आली भारतीय वैद्यक परिषदेची १९९७ ची नियमावली. ज्या राज्यात एकच बोर्ड किंवा एकच विद्यापीठ ही परीक्षा घेते तिथे त्या गुणांवर प्रवेश देता येईल. पण जिथे एकाहून अधिक आहेत तिथे सामायिक प्रवेश परीक्षा घ्यावीच लागेल, असे त्यात होते. बारावीला पीसीबीत किमान ५० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के, ही अट पात्रतेपुरती उरली. महाराष्ट्रात राज्य मंडळाबरोबर सीबीएसई आणि आयएससी या बोर्डांची मुले होतीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याची स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली आणि ‘ग्रुपला किती पडले?’ हा प्रश्न मागे पडून ‘सीईटीचा स्कोअर किती?’ हा प्रश्न पुढे आला.

सीईटीची २०० गुणांची परीक्षा पर्यायी उत्तरांची होती, निगेटिव्ह मार्किंग नव्हते आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या बारावीचाच होता. म्हणजे वर्गात शिकवलेले आणि प्रवेशासाठी विचारलेले यांच्यातला धागा अजून तुटला नव्हता. बारावीचे पुस्तक नीट वाचलेल्या मुलाला सीईटी परकी वाटत नसे. मधली ही व्यवस्था मला आजही सर्वांत माणुसकीची वाटते.

मात्र ती एकटी कधीच नव्हती. १९८० च्या दशकात राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली, डोनेशनचा बाजार मांडला गेला आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयांत ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आणली. २००२ च्या टी.एम.ए. पै आणि २००५ च्या इनामदार निकालांनी तीही मोडली. खासगी संस्थांच्या संघटनेने स्वतःची असो-सीईटी काढली, अभिमत विद्यापीठांनी आपापल्या परीक्षा काढल्या. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची वेगळी, एम्सची वेगळी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या परीक्षेत तर गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असे, आणि त्यासाठी मुले खरोखर गांधी वाचत. या गर्दीतली ती एक परीक्षा गेल्याची मला हळहळ वाटते. बाकीच्यांबद्दल तसे म्हणवत नाही: प्रत्येकीचे शुल्क, प्रत्येकीचा प्रवास, आणि काहींच्या पारदर्शकतेविषयी सतत शंका.

या गोंधळावर उतारा म्हणून ‘एक देश, एक परीक्षा’ पुढे आली. वैद्यक परिषदेने डिसेंबर २०१० मध्ये नीटची अधिसूचना काढली. पहिली नीट ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक अशा बहुमताने घटनाबाह्य ठरवली, न्या. अनिल दवे यांचे मत वेगळे होते. महाराष्ट्र पुन्हा सीईटीकडे वळला. मग ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेतला, आणि २८ एप्रिलला आदेश आला: याच वर्षी नीट, पहिला टप्पा तीन दिवसांनी, १ मेला, दुसरा २४ जुलैला.

त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरात काय घडले ते ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही. मुलांनी वर्षभर बारावीच्या पुस्तकावरून सीईटीची तयारी केली होती. ५ मेची सीईटी तोंडावर होती. आणि अचानक अकरावीचाही अभ्यासक्रम, एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची वेगळी पुस्तके, चुकीच्या उत्तराला वजा गुण. पालक रस्त्यावर आले, मंत्री दिल्लीला धावले. अखेर २४ मेला राष्ट्रपतींनी अध्यादेशावर सही केली आणि राज्याच्या कोट्यातल्या जागांपुरती त्या वर्षी सूट मिळाली. २०१७ पासून राज्याच्या कोट्यातलाही सगळा प्रवेश नीटवर गेला. त्या वर्षी मराठीतून प्रश्नपत्रिका मिळण्याची सोयही होती.

बारावीचे वर्ग रिकामे होण्याची प्रक्रिया तोवर बरीच पुढे गेली होती. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचे, शिकायला मात्र दिवसभर क्लासला बसायचे, ही ‘इंटिग्रेटेड’ची सोय इतकी बोकाळली की २०१८ मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. लातूरमध्येही पॅटर्नची ओळख कॉलेजांपासून सरकत खासगी क्लासच्या रांगांकडे गेली. आणि फारकत किती पूर्ण झाली आहे हे २०२१ ने दाखवले. कोविडमुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी, बारावी यांच्या ३०:३०:४० अशा मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. वैद्यकीय प्रवेशाचे यामुळे काहीच अडले नाही. नीट १२ सप्टेंबरला झाली आणि यादी लागली.

तमिळनाडूने उलटी वाट धरली होती. तिथे २००६ च्या कायद्याने प्रवेश परीक्षा रद्द करून बारावीचे गुणच पायाभूत मानले, आणि २०१७ पर्यंत ते चालले. त्या वर्षी १२०० पैकी ११७६ गुण मिळवलेल्या, मजुराच्या घरातल्या एका दलित मुलीने नीटमध्ये टिकाव न लागल्यावर आत्महत्या केली. राज्याने २०२१ मध्ये नीटमधून सूट मागणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींनी त्याला संमती नाकारल्याचे मुख्यमंत्र्यांनी एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले.

दोन्हींची सांगड घालण्याचा प्रयत्नही देशात झालेला आहे, पण अभियांत्रिकीत. २०१३ पासून जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, बोर्डाबोर्डांतला फरक पर्सेंटाइलने भरून काढून. २०१७ मध्ये तेही काढून टाकले. २०२४ च्या नीटमध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले, वाढीव गुण मागे घ्यावे लागले, पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे गेला आणि त्याचे धागे लातूरपर्यंतही आले. तेव्हा बारावीला पुन्हा वजन द्या ही मागणी मोठ्या आवाजात झाली. ती भावना मला पटते. पण प्रात्यक्षिकांत सरसकट मिळणारे पूर्ण गुण आणि परीक्षा केंद्रांवरची कॉपी आधी थांबली नाही, तर त्या वजनाचा फायदा पुन्हा पैसेवाल्यांच्या कॉलेजांनाच होईल.

तमिळनाडूने २०२० मध्ये केलेला दुसरा कायदा मला यापेक्षा जवळचा वाटतो. नीट देऊन पात्र ठरलेल्या, पण सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी त्याने ७.५ टक्के जागा राखल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून येणाऱ्या आपल्या मुलांसाठी याच धर्तीवर काय करता येईल, याचा विचार महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने करायला हवा.