चिकट कणीक आणि स्क्रेपरचं पातं

घरी ब्रेड करताना कणीक बोटांना चिकटायला लागली की हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. मूठभर पीठ ओट्यावर, थोडं गोळ्यावर, थोडं हाताला. कणीक ताळ्यावर आल्यासारखी वाटते खरी, पण जरा हिशेब करून पाहा. 500 ग्रॅम पिठाला 350 ग्रॅम पाणी, म्हणजे पिठाच्या 70 टक्के. वरून भुरभुरवत आणखी 50 ग्रॅम पीठ पोटात गेलं की हेच प्रमाण 64 टक्क्यांच्याही खाली येतं. कृती एका ब्रेडची आणि ओव्हनमध्ये जातो भलताच ब्रेड, जास्त घट्ट आणि बारीक जाळीचा. शिवाय शेवटी घेतलेलं पीठ नीट भिजतही नाही. कापल्यावर आत कधी कधी कोरड्या पांढुरक्या रेघा दिसतात, त्या त्याच्याच.

हे जास्तीचं पीठ टाळायला स्क्रेपर लागतो. ओटा खरवडायचं साधन म्हणून तो ओळखला जातो, पण त्याचं मोठं काम कणीक हाताळण्याचं आहे.

कणीक धड घन नसते आणि धड द्रवही नसते. पाणी मिळालं की गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिन त्याला ताण देतं, ग्लायडिन सैलपणा. या सैलपणामुळे कणीक ओट्याच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू शिरते, म्हणून ती जितका वेळ एका जागी पडून राहील तितकी पकड वाढते. हात सावकाश उचललात तर कणकेला वाहायला वेळ मिळतो, तारा सुटतात आणि एक थर बोटांवर राहून जातो. तोच हात झटकन उचलला तर ती वाहण्याऐवजी रबरासारखी वागते आणि बरीचशी एकसंध सुटून येते. स्क्रेपरचं सारं कसब एवढ्यावरच चालतं. पातळ पातं जवळजवळ आडवं धरून गोळ्याखाली एका दमात सरकवायचं. भीत भीत, थांबत थांबत सरकवलं तर पात्यालाही कणीक चिकटणारच. कणीक फारच सैल असेल तर पातं आधी पाण्यात बुडवून घ्यावं. मधला पाण्याचा पातळ पापुद्रा तिला पात्याला धरू देत नाही.

राई (rye, म्हणजे मोहरी नव्हे, तर गव्हासारखं एक धान्य) हिच्या पिठाची तऱ्हा वेगळी. त्यात ग्लुटेनचं असं जाळं बनत नाही, वर पाणी धरून ठेवणारे चिकट तंतुमय घटक भरपूर. कितीही मळा, ती कणीक लगद्यासारखीच राहते. तिथे ओलं पातं आणि ओला हात यांना पर्याय नाही.

स्क्रेपर मुख्यतः दोन प्रकारचे. स्टीलचा आयताकृती, वर मूठ असलेला आणि न वाकणारा. तो सपाट ओट्यासाठी. दुसरा प्लास्टिकचा, एक कड गोलसर असलेला आणि थोडा वाकणारा. तो भांड्याच्या आतल्या वळणाला लगटून फिरतो. एकच घ्यायचा असेल तर मी प्लास्टिकचा घेईन. कालवणं, भांडं निपटणं, गोळा कापणं, सगळं त्याच्यावर भागतं. मात्र हातात धरून वाकवून पाहा: लिबलिबीत असेल तर कणकेपुढे मान टाकतो, अगदी ताठ असेल तर भांड्याच्या वळणाला लागत नाही. स्टीलचा घेताना पातं मुठीत जिथे बसवलंय तो सांधा बघा. तिथे फट असेल तर कणीक अडकून वाळते आणि धुऊनही निघत नाही. धार सुरीसारखी नको, पण कड जाडही नको. जाड कड कापत नाही, दाबते. ओटा संगमरवरी असेल तर स्टील जपून वापरावं, संगमरवर त्याच्यापेक्षा मऊ असतो.

गोळ्याचे भाग करताना कणीक हातानं तोडू नये. तोडताना जाळं लांबवर ताणलं जाऊन फाटतं. पातं सरळ खाली दाबलं तर इजा एका रेघेपुरती राहते. करवतीसारखं मागेपुढे करू नका. खाली दाबा आणि तसंच बाजूला सारा, म्हणजे दोन तुकडे पुन्हा जुळत नाहीत.

खरी गंमत आकार देताना कळते. पातं गोळ्याच्या बुडाशी तिरकं टेकवून गोळा ओट्यावरून पुढे ढकलायचा आणि ढकलता ढकलता किंचित वळवायचा. बूड ओट्याला थोडं धरून राहतं, वरचा भाग पुढे जाऊ पाहतो, त्यामुळे वरची त्वचा ताणून खाली ओढली जाते. दोन-चार वळशांत पसरट गोळा उभारी धरतो आणि वरून तुळतुळीत दिसायला लागतो. म्हणजे इथे चिकटपणा आपल्या कामाचा असतो! ओट्यावर पीठ पसरलेलं असेल तर गोळा नुसता घसरत राहतो आणि ताण येतच नाही. ताण मात्र बेतानं द्यावा. त्वचेवर बारीक भेगा दिसल्या की हात थांबवायचा आणि गोळा झाकून पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचा.

शेवटी ओटा. आधी कोरड्यानंच खरवडून निघेल तेवढं काढून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नको. मग गार पाणी. गव्हाचं स्टार्च साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून खळीसारखं होतं, त्यामुळे कढत पाण्यानं तोच राप आणखी चिवट होऊन बसतो.