थेंब ‘ड’चे आहेत, कॅल्शियमचे नाहीत

बाळंतिणीच्या खोलीत हमखास ऐकू येतं, “डॉक्टरांनी बाळाला कॅल्शियमचे थेंब दिलेत.” बाटली बघावी तर तिच्यावर व्हिटॅमिन डी-3, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. नावाने काय बिघडतं? बिघडतं. कॅल्शियम म्हटलं की आजी म्हणते, सून दूध पिते, डिंकाचे लाडू खाते, मग थेंब कशाला? आणि थेंब बंद होतात.

कॅल्शियम आईच्या दुधात पुरेसं असतं. पाऊण लिटर दुधातून 200 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, पहिल्या सहा महिन्यांत गरजही तेवढीच. आईच्या जेवणात कमी पडलं तर शरीर तिच्या हाडांतून काढून दुधात घालतं. म्हणून लाडू आईने खावेतच, पण ते तिच्यासाठी.

‘ड’चं गणित वेगळं. बाळाला रोज 400 आययू (हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) लागतं आणि लिटरभर दुधात बहुतेकदा 50सुद्धा नसतं. हा दुधाचा दोष नव्हे. हे जीवनसत्त्व माणसाला मुळात उन्हातून मिळतं. “दुधात कस नाही, डब्याचं सुरू करा” हे ऐकलं की मला संताप येतो. अंगावरचं दूध चालू ठेवा आणि पहिल्या दिवसांपासून वर्षभर थेंब द्या.

खरी गफलत होते ती रिपोर्ट आल्यावर. बाळाला झटके आले, रक्तात कॅल्शियम कमी निघालं, की घरचे आईकडे बघतात. अहो, दुधातलं कॅल्शियम बाळाच्या पोटात पोचलेलं असतं! आतड्यातून ते रक्तात नीट शोषलं जायला ‘ड’ लागतं, तेच नव्हतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, नवं हाड कच्चं राहतं. मनगटं रुंद होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू उशिरा भरते, उभं राहिल्यावर पाय वाकतात. हाच मुडदूस. झटक्यांच्या वेळी रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देतात, ते योग्यच. पण ‘ड’ची कमतरता भरली नाही, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

मग थेंबांऐवजी नुसतं ऊन दिलं तर? सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ बनवणारे किरण फारसे नसतात, खिडकीच्या काचेतून तर जवळपास येतच नाहीत. आणि भर दुपारी तान्ह्याला उन्हात धरायचं नसतं.

दुकानदाराने दुसरी कंपनी दिली, तर मात्र लेबल वाचा. काही बाटल्यांत एका मिलीत 400 आययू असतं, काहींत 800. जुन्याच खुणेपर्यंत ड्रॉपर भरू नका.