एक्स्ट्रूजनच्या सळयांना जाणारे तडे

तापवलेले बिलेट (धातूचा ठोकळा) प्रेसच्या कंटेनरमध्ये घालून रॅमच्या, म्हणजे दट्ट्याच्या, दाबाने डायमधून (साच्याच्या भोकातून) रेटले की लांब सळई बाहेर पडते; हेच एक्स्ट्रूजन. तिला तडे जातात ते मुख्यतः दोन ठिकाणी: पृष्ठभागावर किंवा गाभ्यात. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत अशा सळया लेथवर चढवून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यांना दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. वरची चीर डोळ्यांना दिसते, उथळ असेल तर टर्निंगमध्ये निघूनही जाते. आतली मात्र भोक पाडेपर्यंत कळत नाही.

पृष्ठभागावरच्या तड्यांचे मूळ बहुधा उष्णतेत असते. बिलेट जास्त तापले किंवा वेग वाढवला, की घर्षणाची आणि विरूपणाची (धातूचा आकार बदलताना होणारी) उष्णता साठत जाते. कणसीमांवरचा (धातूच्या स्फटिककणांच्या कडांवरचा) धातू वितळण्याच्या बेताला येतो आणि डायच्या तोंडाशी ताण बसताच आडव्या चिरा पडतात. 6063 हे अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू याबाबत बरेच सोशिक आहे. विमानबांधणीतले 2024 क्रमांकाचे मिश्रधातू मात्र 500 °से.च्या जरा वर कणसीमांवर वितळू लागते, म्हणून ते अगदी सावकाश काढावे लागते. तापमान व वेग उतरवणे, बिलेटचे आधी समांगीकरण करणे (तापवून आतली रचना एकसारखी करणे) आणि त्याचे मागचे टोक पुढच्यापेक्षा थोडे थंड ठेवणे हे रुळलेले उपाय. पण तापमान फार उतरवले तरी पंचाईतच: धातू डायला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि सळईवर बांबूच्या पेरांसारख्या ठरावीक अंतराने चिरा उमटतात. दिसायला दोन्ही दोष सारखे, उपाय उलटे. म्हणून चीर दिसताच वेग कमी करण्याआधी तापमानाची नोंद पाहिलेली बरी.

गाभ्यातले बाणाग्राच्या आकाराचे तडे थंड (बिलेट न तापवता केलेल्या) एक्स्ट्रूजनमध्ये आणि नंतरच्या ड्रॉइंगमध्ये, म्हणजे सळई डायमधून ओढून बारीक करताना, अधिक आढळतात. डायचा कोन मोठा आणि रिडक्शन (सळईच्या छेदातली घट) कमी असेल, तर विरूपण बाहेरच्या थरातच होते. मधला धातू मागे राहून ताणला जातो आणि अशुद्धींपाशी फाटतो. येथे हात राखून काम करणेच नडते. कोन लहान करावा, एका पासमध्ये (डायमधून एकदा काढताना) पुरेसे रिडक्शन द्यावे, धातू स्वच्छ घ्यावा. महत्त्वाच्या भागांसाठी सळईची अल्ट्रासॉनिक तपासणी करावी. बिलेटच्या शेवटच्या भागात ऑक्साइड गाभ्यात ओढले जाऊन पोकळी राहते. तो तुकडा काढूनच टाकतात.

पितळी सळई शाबूत निघूनही पुढे तडकू शकते. ड्रॉइंगनंतर आत उरलेला ताण, दमट हवा आणि अमोनिया एकत्र आले की ती महिन्यांनीही फाटते. ब्रिटिश सैन्याच्या पितळी काडतुसांना भारतात पावसाळ्यात तडे जात. जवळच्या तबेल्यांतला अमोनिया त्याचे कारण ठरला. शेती आणि कारखाने शेजारी असलेल्या नाशिक परिसरात पितळी बार खतांच्या गोदामालगत रचू नयेत, हे त्यामुळेच. सुमारे 250 ते 300 °से.ला तापवून ताण उतरवता येतो. तो उतरला की नाही, हे नमुन्याचा तुकडा मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून तपासतात.