पांढरा कागद फोटोत करडा का येतो?

सीमलेस पेपरचा, म्हणजे फोटोत माणसाच्या मागे लावायच्या अखंड कागदाचा, रोल पहिल्यांदा घ्यायला गेलेला माणूस दुकानात एकच गोष्ट विचारतो, रंग कुठला घेऊ? माझं मत विचाराल तर त्याने आधी घरी जाऊन खोलीची लांबी मोजावी, कारण फोटोत तो कागद कसा दिसणार हे बरंचसं ती खोलीच ठरवते. पांढराशुभ्र कागद फोटोत मळका करडा येतो, आणि ठरवून केलं तर चक्क काळासुद्धा येतो, कागद तोच, कॅमेरा तोच.

आपल्याकडे फोटो स्टुडिओत रंगवलेले पडदे असायचे, बाग, जिना, खांब, आणि जत्रेतल्या स्टुडिओत तर थेट ताजमहाल. त्या जागी आता कागदाचा लांबच लांब रोल आलाय, मध्ये कुठेही जोड नसलेला. बाजारात जास्त करून १.३५ मीटर आणि २.७२ मीटर रुंदीचे रोल मिळतात, लांबी ११ मीटर. दोन स्टँडच्या मध्ये आडवा पाइप, पाइपावर रोल, कागद खाली ओढायचा, जमिनीजवळ मोठी गोलाई देऊन फरशीवर पुढे आणायचा आणि टोक टेपने चिकटवायचं. रोल आपोआप उलगडत जाऊ नये म्हणून वर दोन क्लॅम्प. पायाने मळला की तेवढा भाग कापायचा आणि वरून नवीन ओढायचा, म्हणून तर कागद वापरतात.

ती गोलाई मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे. एखादा पृष्ठभाग किती उजळ दिसणार हे प्रकाश त्याच्यावर कुठल्या कोनातून पडतो त्यावर असतं. भिंत आणि फरशी काटकोनात असतात, दोघांवर प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो, दोघांचा उजेड वेगळा, आणि जिथे ते भेटतात तिथे रेघ दिसते. आपला डोळा तर अशा रेघांना टपलेलाच असतो, डोळ्यातल्या पेशी शेजारशेजारचा उजेड ताडून बघतात आणि फरक असेल त्यापेक्षा वाढवून सांगतात, हे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं. कागद सावकाश वळवला की कोन सावकाश बदलतो, उजेडातला फरक मोठ्या भागावर पसरतो आणि डोळ्याला पकडायला रेघच मिळत नाही, मग मागे जमीन कुठे संपली ते कळतच नाही. म्हणून गोलाईत कंजूषपणा करू नका. छोटी गोलाई दिली तर फोटोत एक धूसर पट्टा दिसतो आणि मग तो एडिटिंगमध्ये पुसत बसावं लागतं.

आता रंगाकडे येऊ. लाइट जितका लांब तितका उजेड कमी हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती कमी ते लक्षात येत नाही. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. चौपट केलं की सोळावा हिस्सा. समजा लाइट माणसापासून १ मीटरवर आहे आणि कागद त्याच्या मागे अजून १ मीटरवर, म्हणजे लाइटपासून २ मीटरवर. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते, आपण चेहऱ्याप्रमाणे सेट करणार, कागदाला मिळणार चेहऱ्याच्या पाव उजेड, मग तो करडा येणारच. आता तोच लाइट ३ मीटर लांब न्या, कागद ४ मीटरवर, तर कागदाला चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. आणि उलटं करा, लाइट चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणा, कागद लाइटपासून अडीच मीटरवर ठेवा, कागदावर पंचविसावा हिस्सा. पांढरा कागद साधारण ८५ टक्के उजेड परत टाकतो असं धरलं तरी हिशोब साडेतीन टक्क्यांच्या आत येतो, म्हणजे फोटोपुरता तो काळा कागद झाला! फक्त खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर त्या उजेड परतवून सगळा खेळ बिघडवतात, दोन्ही बाजूंना काळं कापड लावलं की जमतं.

रिचर्ड अ‍ॅव्हेडन या अमेरिकन फोटोग्राफरने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, भटके, कत्तलखान्यात काम करणारे अशा लोकांचे पोर्ट्रेट काढले. उघड्यावर, सावलीच्या बाजूला पांढरा कागद लावायचा आणि माणसाला त्याच्यासमोर उभं करायचं, ना फ्लॅश ना मागच्या कागदासाठी वेगळा लाइट. तरी कागद पांढराच येतो. कारण उजेड आख्ख्या आकाशातून येतोय, त्याच्या हिशोबात माणूस आणि कागद यांच्यातलं मीटरभर अंतर म्हणजे काहीच नाही, दोघांना जवळपास सारखाच मिळतो. गच्ची असेल तर सकाळी सावलीत हे करून बघा, स्टुडिओचं भाडं वाचेल.

खोलीत मात्र कागद पांढरा हवा असेल तर त्याला स्वतःचे लाइट द्यावे लागतात, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि कागद माणसापेक्षा अर्धा ते एक स्टॉप उजळ ठेवायचा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. बरेच जण जोशात येऊन तीन-चार स्टॉप मारतात, मग कागदच मोठा दिवा होतो आणि केसांच्या कडा खाऊन टाकतो. रंगीत कागदाचीही तीच गंमत, हिरव्या कागदाला चिकटून उभं राहिलं तर हनुवटीखाली आणि मानेवर हिरवी झाक येते, दीड-दोन मीटर पुढे आलं की जाते.

पावसाळ्यात हवेतली ओल हा वेगळाच ताप. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू जास्त करून लांबीच्या दिशेने लागतात, आणि ओल मिळाली की तंतू लांबीत जेमतेम वाढतात पण जाडीत फुगतात. त्यामुळे कागद वाढतो तो मुख्यतः रुंदीत. २.७२ मीटरचा कागद अर्धा टक्का जरी वाढला तरी ते झाले साडेतेरा मिलिमीटर, आणि वर रोलवर घट्ट गुंडाळलेला असल्याने सरकायला जागा नाही, म्हणून उभ्या लाटा येतात. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये रात्रभर लटकता ठेवला तर सकाळी बघवत नाही. काम झालं की गुंडाळा, प्लास्टिकमध्ये घाला आणि उभा ठेवा, आडवा टेकवून ठेवला तर मध्ये वाकतो. घराच्या पडद्याचा रॉड पाइप म्हणून वापरू नका. लांबी दुप्पट झाली की तोच पाइप, मीटरला तेवढंच वजन असताना, सोळापट वाकतो, त्यामुळे छोट्या रोलला पुरलेला पाइप मोठ्याला पुरत नाही. भरीव बारीक सळईपेक्षा जाड पण पोकळ पाइप बरा. स्टँडच्या पायावर वाळूच्या पिशव्या टाका आणि पंखा बंद ठेवा, सात चौरस मीटरचा कागद शिडासारखा फुगतो आणि सगळं घेऊन पडतो.

आता ती खोली. फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरचा, कॅमेरा उभा धरून ५० मिलिमीटरच्या लेन्सने पूर्ण उभ्या माणसाचा फोटो काढायला कॅमेरा ते माणूस ३.२ मीटर लागतात, मागे कागदापर्यंत दोन, शिवाय स्टँडची आणि आपली जागा, म्हणजे झाले सहा मीटर. १० बाय १२ फुटांच्या खोलीत विसरा. कमरेपर्यंतचा फोटो बसतो, पण मागे जवळपास १.४ मीटर रुंदी दिसते आणि छोटा रोल दोन बोटं कमी पडतो, मग माणूस आणि कॅमेरा दोन्ही थोडे कागदाकडे सरकवा नाहीतर क्रॉप करा. ८५ ची लेन्स मागचा भाग अरुंद दाखवते, त्यामुळे डोकं-खांदे एवढाच फोटो असेल तर ९० सेंटिमीटर कागदात भागतं. काही जण दार उघडून पॅसेजमध्ये उभं राहून फुल फोटो काढतात, चालतं की, फक्त पॅसेजमधला पिवळा बल्ब बंद करा.