पहिलं धनुष्य घेण्याआधी
हौशी आणि नवशिक्या तिरंदाजांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला आपल्या नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. साताऱ्याची अदिती स्वामी त्याच स्पर्धेत महिलांमध्ये पहिली आली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्यानंतर आमच्याकडे येणारे पुष्कळ जण आल्या आल्या म्हणतात, "ओजसकडे आहे तसं दाखवा." आम्ही आनंदाने दाखवतो. पण विकण्याआधी थोडं बोलावं लागतं आणि रविवारच्या गर्दीत ते नीट होत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा आणि मग या.

आमचं सांगणं थोडक्यात असं, की धनुष्य हलकं घ्या आणि बाण मापाचे घ्या. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं सामान हळूहळू घेता येतं. या दोन चुकल्या तर महागातलं सामानही कपाटात पडून राहतं.

कंपाउंड की रिकर्व्ह?

कंपाउंडला दोन टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. पूर्ण ताणल्यावर कॅम फिरून बसतात आणि हातावरचा भार ६५ ते ८० टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे निशाणावर थांबता येतं. दोरीत बसवलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे पीपमधून बघायचं आणि बोटांऐवजी रिलीज नावाच्या कळीने दोरी सोडायची. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य. त्यात असली सवलत नाही. जितकं ओढाल तितका भार वाढत जातो आणि सोडायचं बोटांनीच. आजकाल ऑलिम्पिकमध्ये खेळलं जातं ते रिकर्व्ह, ७० मीटरवरून. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतो आहे, त्यामुळे "कंपाउंडला भविष्य नाही" असं आता कुणी म्हणू नये.

तिसरा प्रकार इंडियन राउंड. बांबू-लाकडाचं साधं धनुष्य, साइट (नेम धरायची खूण) नाही, अंतरं ३० आणि ५० मीटर. आपल्याकडची बरीच शाळकरी मुलं इथूनच सुरुवात करतात आणि कमी पैशात खेळ कळायला हा रस्ता उत्तम आहे.

तुम्ही मोठे आहात आणि हौसेसाठी शिकताय, तर आम्ही रिकर्व्ह सुचवतो, कारण त्यात अंगाची बैठक आधी घडते. वाढत्या वयाच्या मुलाला कंपाउंड घेताना एक बघा: कंपाउंडची ताणाची लांबी, म्हणजे दोरी किती मागे येते ते माप, यंत्रातच ठरलेली असते. मूल उंच झालं की ती बदलून घ्यावी लागते, आणि प्रत्येक मॉडेलमध्ये ती सहज बदलत नाही.

किती पाउंडाचं घ्यावं?

यावर सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रिकर्व्हच्या लिम्बवर, म्हणजे वर-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर, खाली बारीक अक्षरात आकडे छापलेले असतात, समजा ६८ आणि २४. याचा अर्थ २५ इंची रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) लावलं तर धनुष्य ६८ इंचांचं होईल आणि २८ इंच ताणल्यावर भार २४ पाउंड असेल. तुमचा ताण २८ इंच नसेल तर भारही तेवढा नसेल. एका इंचामागे साधारण २ पाउंडांचा फरक धरा. २६ इंच ताणणाऱ्याच्या हातात तेच लिम्ब २० पाउंडांच्या आसपास भरतं, ३० इंचवाल्याच्या हातात २८च्या आसपास. म्हणून मित्राने सांगितलेला आकडा घेऊन येऊ नका, इथे आम्ही तुमच्या ताणावर काट्याने मोजतो.

आमचा अंदाज असा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १२ ते १६, त्यापुढच्या शाळकरी वयाला १६ ते २०, मोठ्या बायकांना १८ ते २२, पुरुषांना २० ते २६ पाउंड. व्यायामशाळेत जाणारे दादा हे ऐकून नाराज होतात. त्यांची ताकद खरीच असते, पण ती छातीत आणि दंडात. धनुष्य धरून ठेवायला लागतात पाठीच्या वरच्या भागातले, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू आणि खांद्याच्या सांध्याभोवतीचे लहान स्नायू. त्यांना आजवर कुणी काम दिलेलं नसतं.

दुकानात आम्ही एक साधी परीक्षा घेतो. धनुष्य देतो आणि दोरी हनुवटीखाली आणून सावकाश दहा आकडे मोजायला सांगतो. मग खेचणाऱ्या हाताकडे नाही, पुढच्या हाताकडे बघतो. सहा-सातच्या सुमारास पुढचा खांदा कानाकडे चढू लागला, मान पुढे आली, दोरी हनुवटीपासून सुटून बोटभर पुढे सरकली, की ते धनुष्य तुमच्यासाठी आज जड आहे. दहापर्यंत चेहरा शांत राहिला आणि दोरी जागची हलली नाही, तर ते तुमचं.

एक हिशेब करून बघा. २४ पाउंडांच्या धनुष्याने एका सरावात ६० बाण मारले तर एकूण १,४४० पाउंड, म्हणजे साडेसहाशे किलोच्या वर ओढणं झालं. जड धनुष्यावर पहिले दहा बाण जोशात जातात, उरलेल्या पन्नासांत अंग चुकीची सवय शिकतं आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. भार वाढवायचा तर एका वेळी २ पाउंडच वाढवा, तोही सरावाच्या शेवटच्या बाणालाही बैठक मोडत नसेल तरच.

म्हणूनच आम्ही आयएलएफ पद्धतीचा रायझर घ्यायला सांगतो. यात लिम्बची खाच ठरावीक मापाची असते, त्यामुळे पुढे फक्त लिम्ब बदलायचे, रायझर तोच राहतो. एका कंपनीच्या रायझरवर दुसऱ्या कंपनीचे लिम्बही बसतात.

धनुष्याची लांबी

दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्या आणि त्याला अडीचने भागा. १७० सेंटिमीटर, म्हणजे ६७ इंच आले तर ताण पावणेसत्तावीस इंचांच्या जवळपास. २६ इंचांपर्यंत ६६चं धनुष्य, २८ इंचांपर्यंत ६८चं, त्याहून जास्त असेल तर ७०चं. मधल्या मापाला लांबच घ्या. लहान धनुष्यात ताणलेल्या दोरीचा कोन टोकदार होतो आणि बोटं चिमटतात.

बाण : इथे काटकसर करू नका

साध्या धनुष्यातून मापाचे बाण चांगले जातात, पण महागड्या धनुष्यातून चुकीचे बाण कधीच नीट जात नाहीत. कारण असं, की बोटांनी दोरी सोडली की बाण सरळ निघत नाही. तो वाकतो, रायझरला वळसा घालतो आणि पुढे दोन्हीकडे लवत लवत स्थिर होतो. हे लवणं तुमच्या धनुष्याच्या भाराशी जुळलं पाहिजे. ते ज्या आकड्याने सांगतात त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगतात. बाण अर्धा इंच लवला तर स्पाइन ५००, एक इंच लवला तर १०००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचीक. हलक्या धनुष्याला मोठ्या आकड्याचा बाण लागतो, आणि बरेच जण नेमकं उलट समजून येतात.

लांबीही स्पाइनइतकीच महत्त्वाची. नवशिक्याचा बाण पूर्ण ताणल्यावर रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे निदान दोन इंच राहिला पाहिजे. सुरुवातीच्या महिन्यांत ताण वाढतो, कारण पाठ उघडत जाते. बाण आखूड पडला आणि टोक रेस्टच्या मागे आलं, तर सुटताना तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. मोठ्या भावाचे कापलेले बाण लहान बहिणीला चालतील, पण तिचे त्याला मुळीच नाही.

ॲल्युमिनियम की कार्बन? शिकताना ॲल्युमिनियम. स्वस्त पडतो, वाकला तर डोळ्यांना दिसतो आणि बऱ्याचदा सरळ करून देता येतो. त्यावरचा १७१६ हा आकडा म्हणजे जाडी एक इंचाचे सतरा-चौसष्टांश आणि नळीची भिंत एक इंचाचे सोळा-हजारांश. कार्बन हलका आणि वेगवान, पण तो वाकत नाही, चिरतो, आणि चीर दिसतेच असं नाही. म्हणून दर वेळी मारण्याआधी दोन्ही टोकं धरून बाण हलकेच वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा, कान जवळ ठेवा. 'कर्र' असा बारीक आवाज आला किंवा बोटाला रेषा लागली, तर तो बाण मोडून टाकून द्या, नुसता बाजूला ठेवू नका. चिरलेला कार्बन दोरीच्या धक्क्याने फुटतो आणि त्याच्या काड्या हातात शिरतात.

बाण दोरीला लावताना वेगळ्या रंगाचं पीस रायझरपासून बाहेरच्या बाजूला हवं. नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, दोरीवर टिचकन बसावा, बाण खाली लोंबकळत राहावा आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटून पडावा. याहून घट्ट किंवा सैल नको.

सरावातले नेहमीचे प्रश्न

"दोरी हातावर लागते." आर्मगार्ड (हाताला बांधायची संरक्षक पट्टी) लावाच, पण तो उपाय नाही. धनुष्याच्या हाताचं कोपर जमिनीकडे वळलेलं असतं म्हणून दोरी लागते. पंजा जागचा न हलवता कोपराचा खड्डा आतल्या बाजूला वळवा, हाताचा आतला भाग दोरीच्या वाटेतून बाजूला होतो. भिंतीला तळवा टेकवून घरीही हे करता येईल. धनुष्य मुठीत आवळू नका, भार अंगठ्याखालच्या मांसल भागावर घ्या आणि बोटं सैल सोडा. धनुष्य पडेल ही भीती असते म्हणूनच बोटांना बांधायची स्लिंग मिळते. स्वस्त वस्तू आहे, पहिल्याच दिवशी घ्या.

"बाण रेस्टवरून घसरतो." तुम्ही नॉक बोटांत चिमटताय. तर्जनी नॉकच्या वर, मधलं आणि अनामिका खाली, दोरी पहिल्या पेरावर, मनगट सरळ आणि नॉकला बोटांचा दाब नाही. टॅबमध्ये, म्हणजे ओढणाऱ्या बोटांवर घालायच्या पट्टीत, दोन बोटांच्या मध्ये जी गादी असते ती यासाठीच असते, काहीजण अडचण वाटते म्हणून कापून टाकतात. तसं करू नका.

"बाण पसरतात." आधी बघा, दोरी दर वेळी हनुवटीच्या त्याच जागी आणि नाकाच्या टोकाला लागते का. ही जागा बदलली की बंदुकीचा मागचा साइट हलल्यासारखं होतं. बाण एका जागी जमू लागेपर्यंत साइटला हात लावू नका. जमले आणि टार्गेटच्या मधल्या पिवळ्या गोलापासून बाजूला जमले, तर साइट बाणांच्या मागे न्या: डावीकडे गेले तर डावीकडे, खाली गेले तर खाली.

"उजवा की डावा?" दोन्ही तळव्यांची लहान खिडकी करून दूरच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. मुलांना आम्ही हाताप्रमाणे नाही, डोळ्याप्रमाणे धनुष्य देतो. उजव्या हाताचं धनुष्य म्हणजे जे डाव्या हातात धरतात आणि उजव्याने ओढतात ते. मागवताना यात खूप घोळ होतो.

नागपूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये धनुष्य गाडीत ठेवून जाऊ नका, पाच मिनिटांसाठीही नाही. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून खूप जास्त होतं. लिम्ब थरांना थर चिकटवून बनवतात, तो चिकटा सैल पडला की लिम्ब पिळतो किंवा उकलतो. असा लिम्ब दुरुस्त होत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर सराव करा आणि मधल्या वेळात धनुष्य सावलीत ठेवा.

सराव संपला की दोरी उतरवा (हे रिकर्व्हसाठी, कंपाउंडची दोरी घरी कधीच काढायची नाही). चढवताना-उतरवताना स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून धरणारी जाड दोरी) वापरा. पायात अडकवून वाकवलं की लिम्ब पिळतात. दोरी खरखरीत, केसाळ दिसू लागली की मेण लावा आणि बोटांनी चोळून जिरवा. एखादा धागा तुटला असेल तर मेण नाही, नवी दोरी. जुन्या लाकडी धनुष्याला डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणारी दोरी लावा. फास्ट-फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी सगळा धक्का लिम्बच्या टोकांना देते आणि ती टोकं फाटतात.

पावसाळ्यात पिसांचे बाण भिजून बसतात, तेव्हा प्लास्टिकची पिसं बरी.

आम्ही कशाला नाही म्हणतो

गच्चीवर सरावाला. २५ पाउंडांच्या धनुष्याचा वर सुटलेला बाण शंभर मीटरच्या पलीकडे जातो, म्हणजे शेजारची गल्ली ओलांडून. टार्गेटमागे मातीचा बांध किंवा रिकामी, बंद जागा हवी. नाहीतर मैदानावर प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करा. बाण काढायला सगळ्यांनी एकत्रच जायचं, आणि काढताना बाणांच्या सरळ मागे कुणी उभं राहायचं नाही.

शिकारीच्या पात्यांना. आपण पेंच-ताडोबाच्या कुशीत राहतो आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. ती पाती आम्ही ठेवत नाही, मागवूनही देत नाही.

आणि बाण न लावता दोरी सोडायला. जी ताकद बाणाने न्यायची ती सगळी लिम्बमध्ये उलटते आणि धनुष्य हातात फुटू शकतं. दुकानात कुणी धनुष्य हातात घेतलं की आम्ही लगेच शेजारी येऊन उभे राहतो, ते याचसाठी. राग मानू नका.

येताना

अंगाबरोबरचा शर्ट घाला, सैल बाही दोरीत अडकते. केस लांब असतील तर बांधून या. जुनं धनुष्य असेल तर बाणांसकट आणा, भार आणि स्पाइन मोजून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. मुलासाठी घेत असाल तर मुलाला बरोबर आणा, मापं फोनवर सांगून चालत नाही. आणि शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी चारनंतर या. तेव्हा प्रत्येकाला पुरेसा वेळ देता येतो.