जन्माधारित नागरिकत्व आणि सोलापूर

जन्माधारित नागरिकत्व म्हणजे ज्या देशाच्या भूमीवर जन्म झाला, त्या देशाचे नागरिकत्व जन्मतःच मिळण्याचे तत्त्व. इंग्लंडमध्ये १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्याने ते पक्के केले. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ते संविधानात घातले.

सोलापूरला हा प्रश्न सरहद्दीमुळे जवळचा. शहर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते. पण कोजागिरीला सोलापूरकर पायी जातात ते तुळजापूर निजामाच्या मुलखात आणि अक्कलकोट भोसल्यांच्या संस्थानात. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार शहरात जन्मलेले मूल ब्रिटिश प्रजाजन ठरे, संस्थानातले मूल मात्र केवळ 'संरक्षित व्यक्ती'. हातमागावर पोट भरायला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत आईवडील निजामाची रयत आणि इथे जन्मलेली मुले ब्रिटिश प्रजा, असे एकाच छताखाली दोन दर्जे नांदत. १९४८ मध्ये अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात विलीन झाले, हैदराबादही भारतात आले. संविधान लागू होताना नागरिक कोण, हे ठरवणाऱ्या त्याच्या पाचव्या कलमाने ही दरी बुजवली, हे त्याचे फार मोठे काम.

ते सहज झाले नाही. संविधान सभेत वल्लभभाई पटेलांनी १९४७ मध्येच नागरिकत्वाच्या संकुचित, वांशिक व्याख्येऐवजी व्यापक व्याख्येची बाजू घेतली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी आक्षेप घेतला, की मुंबई बंदरातून जाणाऱ्या परदेशी बाईचे मूलही यामुळे भारतीय ठरेल. नागरिकत्व इतके स्वस्त नसावे, असे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्या कलमात जन्माबरोबर भारतातील अधिवासाचीही, म्हणजे कायम वास्तव्याचीही अट होती, त्यामुळे हा आक्षेप टिकत नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानले. पुढे आसामातील स्थलांतराच्या वादातून अटी वाढल्या. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो.

म्हणजे प्रश्न मुलाच्या जन्मस्थळावरून आईवडिलांच्या कागदांवर सरकला. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भारही कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला आहे. विडी वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या घरांतील ज्या वडीलधाऱ्यांचा जन्म गावी, घरातच झाला आणि ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्याकडे ना जन्मनोंद ना शाळा सोडल्याचा दाखला. नागरिकत्वाबद्दल शंका घेतली गेली, तर सर्वांत आधी अडचणीत येतात ती हीच माणसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला निर्णायक झाला आहे. त्याआधीच्या पिढ्यांना मात्र या तरतुदीचा उपयोग नाही.